स्वदेशी खेळणे आणि परदेशाचा उंबरठा

सावंतवाडीच्या चितारआळीतील लाकडी खेळणी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या जपलेल्या हस्तकौशल्याचा वारसा. ती सातासमुद्रापार जावीत, असे कोणाही मराठी माणसाला वाटेल. मात्र केवळ अभिमानाच्या भांडवलावर परदेशाचा उंबरठा ओलांडता येत नाही.

१ जानेवारी २०२१ पासून भारतात खेळण्यांवर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह बंधनकारक झाले. हस्तशिल्प विकास आयुक्तांकडे नोंदणी असलेल्या कारागिरांना त्यातून सूट मिळाली. हेतू चांगला होता. पण ही सूट देशाच्या सीमेवर संपते. युरोपीय संघाचा कायदा कारागीर आणि कारखाना असा भेद करीत नाही. तीन वर्षांखालील बालकाच्या खेळण्यातून सुटून घशात अडकेल असा भाग तेथे चालत नाही. रंगातून शिसे, कॅडमियम किती पाझरावे, यालाही मर्यादा आहे. ‘सीई’ चिन्ह कोणते सरकार देत नाही; चाचण्या व कागदपत्रे सिद्ध ठेवून उत्पादकाने ते स्वतःच्या जबाबदारीवर लावायचे असते. शिवाय जुलै २०२१ पासून खेळण्यांसाठी संघाच्या भूमीवर उत्तरदायी प्रतिनिधी लागतो. १३ डिसेंबर २०२४ पासून ही अट इतर बहुतेक ग्राहकोपयोगी वस्तूंनाही लागू झाली.

हे सारे पाश्चात्त्यांचे कारस्थान आहे, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु २००७ साली शिसेयुक्त रंगामुळे चिनी बनावटीची लाखो खेळणी अमेरिकेच्या बाजारातून परत घ्यावी लागली आणि २००८ मध्ये तेथे कठोर कायदा झाला. बाळाच्या तोंडात जाणारा रंग निर्विष असावा, ही अपेक्षा जगातील प्रत्येक आईची आहे. ती परकी कशी ठरते?

खरा अन्याय निराळाच आहे. चाचणीचा खर्च दहा हजार नगांवर विभागला तर जाणवत नाही. पन्नास नगांवर पडला तर नफा गिळून टाकतो. एकट्या कारागिराला नियमांचे पुस्तक वाचून दाखवल्याने हे गणित बदलणार नाही. साखर आणि दूध या क्षेत्रांत महाराष्ट्राने सहकाराची शक्ती अनुभवली आहे. रंगाची एकत्र खरेदी, सामाईक चाचणी आणि सर्वांचा मिळून युरोपात एक प्रतिनिधी, ही व्यवस्था कारागिरांच्या संस्थेने उभारावी व शासनाने प्रारंभीचा भार उचलावा.

यात केवळ निर्यातीचा प्रश्न नाही. चाचणीतून सूट मिळालेले खेळणे आपल्या घरचे मूलही तोंडात घालतेच, याचा विसर पडता कामा नये.