समोरचा शिक्षक की पडद्यावरचा?

"वडिलांना व्यायाम सुरू करायचा आहे, घरी येणारा शिक्षक ठरवावा की मोबाइलवरचा वर्ग लावावा?" हा प्रश्न अलीकडे दवाखान्यात रक्तदाबाच्या गोळीइतकाच नेहमीचा झाला आहे. विचारणारा मुलगा बहुधा पुण्याला, नाशिकला किंवा परदेशात असतो. व्यायाम करणारे वडील मालेगावात असतात. त्यांच्याजवळ उभी राहणारी सून किंवा मुलगी या संभाषणात क्वचितच बोलते. म्हणजे पैसे देणारा एक, व्यायाम करणारा दुसरा आणि लक्ष ठेवणारी तिसरी. प्रश्न पहिला माणूस विचारतो. उत्तर मात्र दुसऱ्याच्या शरीरावर आणि तिसरीच्या सवडीवर अवलंबून असते. आजचा लेख या तिघांसाठी आहे.

वाद जुनाच आहे

आपल्याकडे व्यायाम म्हटला की तालीम आणि वस्ताद हेच समीकरण होते. वस्ताद शेजारी उभा राहून पट्ठ्याची पाठ, गुडघा आणि श्वास पाहत असे. दुरून शिकवण्याचा प्रयोगही नवा नाही. युजीन सँडो हा युरोपातला प्रसिद्ध बलोपासक शंभराहून अधिक वर्षांपूर्वी टपालाने व्यायामाचे धडे पाठवीत असे. १९०५ च्या सुमारास तो भारताच्या दौऱ्यावरही येऊन गेला. टपालाची जागा आज मोबाइलने घेतली, एवढाच फरक.

हा बदल आपल्या घराघरांत शिरला तो २०२० साली. त्या वर्षीच्या एप्रिल-मे महिन्यांत मालेगाव हे राज्यातील करोनाच्या प्रमुख केंद्रांपैकी एक होते. नदीकाठचे फिरणे थांबले, मशिदीत आणि मंदिरात पायी जाणे थांबले, ओट्यावरची बैठक मोडली. वयस्कांच्या मांड्यांतील बळ अशा बसून काढलेल्या महिन्यांत झपाट्याने ओसरते. त्या काळात पडद्यावरच्या वर्गांनी अनेकांना आधार दिला, हे मान्य केले पाहिजे. परंतु निरुपायाने केलेली सोय आणि विचारपूर्वक केलेली निवड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

उतारवयात नेमका कोणता व्यायाम लागतो?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ६५ वर्षांवरील व्यक्तींनी आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारे व्यायाम करावेत आणि किमान तीन दिवस तोल सांभाळण्याचा सराव करावा. यांपैकी पहिली गोष्ट, म्हणजे चालणे, बहुतेकांना ठाऊक असते. उरलेल्या दोन मात्र दुर्लक्षित राहतात. "मी रोज तासभर चालतो" असे अभिमानाने सांगणारे गृहस्थ जमिनीवरून उठताना दोन्ही हात टेकतात किंवा भारतीय पद्धतीच्या शौचालयात नळाला धरून उभे राहतात, हे मी नित्य पाहतो.

चालण्यासाठी शिक्षक लागत नाही. शिक्षकाची गरज असते ती बळ आणि तोल यांसाठी, आणि पडण्याचा धोका असतो तोही तोल सांभाळण्याच्या सरावातच. म्हणून आपला प्रश्न असा मांडू या: तोलाचा सराव करताना या व्यक्तीजवळ कोणी उभे असणे आवश्यक आहे का?

घरच्या घरी दोन चाचण्या

याचे उत्तर बऱ्याच अंशी घरीच मिळते. चाचणी करताना काळजी घेणाऱ्या व्यक्तीने अगदी शेजारी उभे राहावे. ज्यांना चालताना आधार लागतो किंवा ज्यांची अलीकडेच शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनी या चाचण्या घरी करूच नयेत.

पहिली चाचणी: हात नसलेली, साधारण १७ इंच उंचीची भक्कम खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी. दोन्ही हात छातीवर फुलीसारखे ठेवून ३० सेकंदांत पूर्ण उभे राहणे आणि बसणे किती वेळा जमते, ते मोजावे. डॉक्टर वापरतात त्या कोष्टकानुसार ७० ते ७४ वर्षांच्या पुरुषाला १२ पेक्षा आणि स्त्रीला १० पेक्षा कमी वेळा जमले, तर पडण्याचा धोका अधिक मानतात. हे आकडे पाश्चात्त्य देशांतून आलेले आहेत. त्यांचा उपयोग निकाल म्हणून न करता इशारा म्हणून करावा.

दुसरी चाचणी: भिंतीजवळ उभे राहून एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या अंगठ्याला लागेल अशी पावले एका रेषेत ठेवावीत. या स्थितीत १० सेकंद आधाराशिवाय उभे राहता येत नसेल, तर तोल कच्चा आहे.

यांपैकी एकाही चाचणीत अडखळणाऱ्याने व्यायामाची सुरुवात पडद्यासमोर एकट्याने करू नये.

समोरच्या माणसाचे बळ

समोर असलेल्या शिक्षकाचे दोन गुण पडद्याला नाहीत. पहिला म्हणजे हात. तोल गेला की तो सावरतो, आणि गुडघा आत वळत असेल तर बोटाने दिशा दाखवतो. दुसरा गुण म्हणजे सर्व बाजूंनी पाहणारी नजर. टेबलावर टेकवलेल्या मोबाइलला चेहरा आणि छाती दिसते, पावले दिसत नाहीत. आणि उतारवयात सारी गोष्ट पावलांपाशी असते. शिवाय घरी येणाऱ्या शिक्षकाला सरकणारी सतरंजी, न्हाणीघरातील शेवाळ, झिजलेली चप्पल आणि अंधारा जिना दिसतो. पडणे टाळण्याचे निम्मे काम या निरीक्षणातच होते.

परंतु समोर आहे म्हणजे उत्तम आहे, असे समजू नये. विशीतल्या तरुणांचे दंड फुगवणारा प्रशिक्षक सत्तरीच्या मधुमेही आजींना शिकवण्यास योग्य असतोच असे नाही. व्यायामाचा प्रशिक्षक म्हणवून घेण्यासाठी डॉक्टरसारखी सरकारी नोंदणी लागत नाही, हे लक्षात ठेवावे. फिजिओथेरपिस्टची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्यासाठी राज्यात नोंदणी परिषद आहे, आणि नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

पडद्याचे गुण आणि मर्यादा

'ऑनलाइन' या एका शब्दात तीन वेगळे प्रकार दडलेले आहेत. एक, आधीच चित्रित केलेली फीत; यात आपल्याला कोणीच पाहत नाही. दोन, एकाच वेळी तीस-चाळीस जणांचा थेट वर्ग. यात शिक्षकाला आपण तिकिटाएवढे दिसतो. तीन, एका व्यक्तीसाठी थेट शिकवणी. वयस्कांच्या संदर्भात मी 'शिकवणी' म्हणतो ती केवळ तिसऱ्या प्रकाराला. फार तर चार-पाच जणांच्या लहान गटाला.

या तिसऱ्या प्रकाराचे लाभ खरे आहेत. एप्रिल-मे महिन्यांत आपल्या गावी पारा ४२-४३ अंशांवर जातो, तेव्हा घराबाहेर न पडता व्यायाम होतो. ज्या आई, अम्मी किंवा आजींना परपुरुषासमोर व्यायाम करणे रुचत नाही, त्यांना दूरच्या शहरातील महिला शिक्षिका मिळू शकते. परगावी असलेली मुलगीही त्याच वेळी वर्गात बसू शकते. आणि आईचा नियम टिकतो तो पुष्कळदा त्या अर्ध्या तासाच्या सोबतीमुळे.

मर्यादाही आपल्या गावच्या आहेत. ज्यांचे अर्धे आयुष्य यंत्रमागांच्या खटखटाटात गेले, त्यांच्यापैकी अनेकांना कमी ऐकू येते. मोबाइलमधली सूचना अर्धवट ऐकून ते अंदाजाने हालचाल करतात. मोतीबिंदू असलेल्यांना छोटा पडदा दिसत नाही, आणि दुहेरी काचेचा चष्मा लावून पडदा पाहता पाहता पाऊल टाकले तर अंतर चुकते. भाषेचाही प्रश्न आहे. घरात अहिराणी किंवा उर्दू बोलणाऱ्या व्यक्तीला इंग्रजीमिश्रित भराभर सूचना देणारा शिक्षक कितीही निष्णात असला तरी निरुपयोगी ठरतो.

कोणी समोरच्या शिक्षकाचाच आग्रह धरावा?

गेल्या वर्षभरात एकदा जरी पडणे झाले असेल. पक्षाघात किंवा कंपवात असेल. सांधा बदलला असेल किंवा हाड मोडले असेल. विस्मरण वाढले असेल. उभे राहताच अंधारी येत असेल. किंवा व्यायामाच्या वेळी घरात दुसरे कोणीच नसेल, तर समोरची व्यक्ती हवी. यांपैकी आजारपणाच्या प्रसंगांत प्रशिक्षकाऐवजी फिजिओथेरपिस्टची निवड करावी. हृदयविकाराचा झटका किंवा अँजिओप्लास्टी अलीकडची असेल, तर हृदयरोगतज्ज्ञांच्या परवानगीवाचून कोणताही वर्ग सुरू करू नये.

मधला मार्ग

दोहोंपैकी एकच निवडावे अशी सक्ती मात्र नाही. न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठात तयार झालेला वयस्कांसाठीचा एक व्यायामक्रम जगभर वापरला जातो. त्यात प्रशिक्षित व्यक्ती पहिल्या दोन महिन्यांत चार-पाच वेळा घरी येते, बळाचे आणि तोलाचे व्यायाम त्या व्यक्तीच्या कुवतीनुसार ठरवून देते, आणि पुढे भेटींच्या मधल्या काळात दूरध्वनीवरून चौकशी करते. वयस्क व्यक्ती आठवड्यातून तीनदा साधारण अर्धा तास व्यायाम करते आणि दोनदा चालते. या क्रमाच्या चाचण्यांत पडण्याचे प्रमाण सुमारे ३५ टक्क्यांनी घटलेले आढळले. रोज शिक्षक नाही, आणि नुसता पडदाही नाही.

आपल्या घरांसाठी मी हाच आराखडा सुचवतो. पहिले सहा ते आठ आठवडे शिक्षक किंवा फिजिओथेरपिस्ट घरी यावा. आरंभी आठवड्यातून दोनदा, नंतर एकदा. त्या काळात काळजी घेणाऱ्या व्यक्तीने कोठे उभे राहायचे आणि कोठे धरायचे, हे शिकून घ्यावे. त्यानंतर पडद्यावरून शिकवणी सुरू ठेवावी आणि दोन-तीन महिन्यांनी एक प्रत्यक्ष भेट ठेवावी. मधे पडणे झाले, ताप येऊन गेला किंवा रुग्णालयात राहावे लागले, तर पुन्हा प्रत्यक्ष भेटीपासून आरंभ करावा. खर्चही यामुळे आटोक्यात राहतो.

शिक्षकाला काय सांगावे?

औषधांची यादी दोन्ही प्रकारच्या शिक्षकांना द्यावी. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेणाऱ्यांची साखर व्यायामाने एकाएकी उतरू शकते. हाताशी साखर किंवा ग्लुकोज असावे आणि व्यायाम उपाशीपोटी करू नये. मेटोप्रोलॉलसारख्या गोळ्यांमुळे नाडीचा वेग पुरेसा वाढत नाही, म्हणून मनगटावरील घड्याळातील आकड्यावर विसंबू नये. बोलता येते परंतु गाता येत नाही, एवढा श्रम मध्यम समजावा. प्रोस्टेटच्या टॅम्सुलोसिनसारख्या गोळ्यांनी उभे राहताना रक्तदाब उतरू शकतो. झोपून करावयाच्या व्यायामानंतर मिनिटभर बसावे, मगच उठावे.

हाडे ठिसूळ असतील तर कमरेतून खोल पुढे वाकणे टाळावे. काचबिंदू असेल तर डोके खाली करणारी आसने नकोत. रक्तदाब चढा असेल तर श्वास रोखून धरू नये. रमजानमध्ये व्यायाम इफ्तारनंतर तास-दोन तासांनी हलका करावा, आणि मधुमेहींनी रोजे सुरू होण्यापूर्वीच डॉक्टरांशी बोलून घ्यावे.

छातीत दाब, असह्य धाप, घेरी, बोलण्यात अडखळ किंवा एका बाजूची दुर्बलता जाणवताच थांबावे आणि १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. पडद्यावरच्या शिक्षकाकडे घराचा पत्ता आणि शेजाऱ्याचा क्रमांक आधीच दिलेला असावा. तो दूर बसून तेवढीच मदत करू शकतो.

पैसे देण्यापूर्वी

वर्षाचे शुल्क एकरकमी भरू नये. महिन्याचा करार पुरेसा आहे. पहिल्या भेटीत जो आजार, औषधे आणि पडण्याचा इतिहास विचारत नाही, त्याला दुसऱ्यांदा बोलावू नये. जो प्रथिनांची भुकटी किंवा 'गुडघ्याचे खास औषध' विकू पाहतो, त्याच्यापासून सावध राहावे. मूत्रपिंडे दुबळी असतील तर अशी भुकटी अपायकारक ठरू शकते. ओटीपी कोणालाही सांगू नये, आणि फसवणूक झालीच तर विनाविलंब १९३० या क्रमांकावर तक्रार करावी.

काळजी घेणाऱ्या भगिनींसाठी एक शब्द. पडद्यावरचा वर्ग स्वस्त वाटतो, कारण त्यात तुमचा अर्धा तास धरलेला नसतो. मोबाइल लावणे, खुर्ची ठेवणे आणि जवळ उभे राहणे हे काम तुमच्याच वाट्याला येते. तो वेळ आपल्याकडे आहे का, हे घरातील सर्वांसमोर स्पष्ट सांगावे. नसेल, तर दूरच्या मुलाने घरी येणाऱ्या शिक्षकाचा खर्च उचलणे हेच न्याय्य आहे.

निवड कोणतीही करा, पहिल्या दिवशी खुर्चीची चाचणी करून आकडा दिनदर्शिकेवर लिहून ठेवा आणि आठ आठवड्यांनी पुन्हा मोजा. आकडा वाढला असेल, तर आपला शिक्षक योग्य आहे. मग तो समोर असो वा पडद्यावर. वाढला नसेल, तर दोन्ही आकडे घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जावे आणि शिक्षक बदलावा की व्यायाम, हे त्यांच्याशी बोलून ठरवावे.