चित्रं कोण काढतं?

चित्रकथा म्हणजे लहान मुलांचं वाचन, असं आपल्याकडे अजूनही मानलं जातं. १९६७ साली सुरू झालेल्या ‘अमर चित्रकथा’ वाचत आपल्यातल्या कित्येकजणी वाढल्या. त्यांतल्या नायिका बहुतेक गोऱ्या, कमनीय आणि त्यागी. या चित्रांनी आपल्याला काय शिकवलं, ते आपण कधी तपासलं का?

नुकतीच मी दोन पुस्तकं वाचली. पहिलं, मूळच्या इराणी मार्जान सत्रापी यांचं ‘पर्सेपोलिस’. ते २००० सालापासून फ्रेंचमध्ये भागाभागांनी आलं. १९७९ च्या क्रांतीनंतर शाळेत मुलींवर डोकं झाकण्याची सक्ती होते, आणि मुली त्याच कापडाचं खेळणं करतात! नुसत्या काळ्या-पांढऱ्या चित्रांत सत्तेची भीती आणि तिची टर, दोन्ही आहेत.

दुसरं, ‘ड्रॉइंग द लाइन’. डिसेंबर २०१२ मधल्या दिल्लीच्या बलात्कारानंतर उसळलेल्या संतापाची त्याला पार्श्वभूमी आहे. १४ तरुणींनी कार्यशाळेत काढलेल्या या कथा ‘झुबान’ने २०१५ मध्ये छापल्या. रस्त्यावरचा त्रास, गोऱ्या रंगाचा सोस असे विषय आहेत. काही कथा घोषणेपाशीच थांबतात. पण इथली बाई नुसती सोसत नाही, ती चिडते, हसते, उलट बघते.

दोन्ही पुस्तकं मी इंग्रजीत वाचली. वस्तीतल्या मैत्रिणींपर्यंत ती कशी पोचणार? भाषांतरं हवीतच. पण कार्यशाळा घेणं आपल्याला नवं नाही. आपल्या पोस्टरवरची मारहाण झालेली, मान खाली घातलेली बाई किती वर्षं तशीच बसणार? मैत्रिणींनो, पुढच्या शिबिरात गाण्यांच्या वह्यांबरोबर कोरे कागदही नेऊया. चित्र सुबक नसलं तरी चालेल, ते आपलं असावं.