विश्लेषण : प्रयोगशाळेत धडधडणाऱ्या हृदय-ऊतीत तारा कशासाठी?

‘शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत हृदय बनवले’ असा मेसेज अधूनमधून फिरतो आणि खाली कुणीतरी विचारतेच, ‘मग बसवणार कधी?’ प्रत्यक्षात बनते ती हृदयाच्या पेशींची जेमतेम काही मिलिमीटरची पट्टी. अशा ऊतीचे ठिगळ रुग्णाच्या हृदयाला लावण्याच्या चाचण्या जर्मनीत सुरू झाल्या आहेत. पण तिचा सर्वांत जवळचा उपयोग वेगळा आहे: औषध माणसाच्या पोटात जाण्याआधी ते हृदयाला काय करते, हे तिला विचारणे.

उंदराला का विचारू नये? उंदराचे हृदय मिनिटाला पाचशे-सहाशे वेळा धडधडते. प्रत्येक ठोक्यानंतर आपल्या हृदयपेशी पोटॅशियमच्या ज्या मार्गाने पूर्ववत होतात, त्यावर उंदराचे हृदय जवळपास विसंबूनच नसते. टर्फेनाडिन हे अ‍ॅलर्जीचे औषध नेमका हाच मार्ग अडवायचे. काही अँटिबायोटिक किंवा बुरशीविरोधी गोळ्यांसोबत घेतल्यास लय बिघडून जीव जाण्याची भीती होती. 1990 च्या दशकाअखेर ते अमेरिकेच्या बाजारातून गेले.

तारा हव्यातच का?

शिन्या यामानाका यांनी 2006 मध्ये उंदराच्या आणि 2007 मध्ये माणसाच्या साध्या पेशी पुन्हा स्टेम सेलच्या अवस्थेत नेल्या. त्यांपासून बनवलेल्या हृदयपेशी बशीत आपोआप आकुंचन पावतात. मात्र त्यांचे विद्युत संकेत आतून कसे मोजायचे? सिलिकॉन या ऊतीपेक्षा लाखो पटींनी कडक. नेहमीची चिप आत खुपसली तर ऊतीलाच इजा.

हार्वर्डमधील संशोधकांनी 2012 मध्ये वाट उलटी केली. आधी नॅनोवायरची सच्छिद्र जाळी बनवली आणि तिच्यावरच पेशी वाढवल्या, त्यामुळे सर्किट ऊतीच्या आतच राहिले. तिथल्याच जिया लिऊ यांच्या गटाने 2019 मध्ये ताणली जाणारी जाळी स्टेम सेलच्या थरात ठेवली. थर दुमडून त्याची गोळी होत गेली, तशी जाळीही त्याच्यासोबत दुमडली.

तारांचे दुसरे काम मला जास्त रंजक वाटते. या पेशी अगदी कच्च्या, गर्भातल्या बाळाच्या हृदयासारख्या असतात. कोलंबिया विद्यापीठाच्या 2018 च्या प्रयोगात ऊतीला सेकंदाला 2 विद्युत झटक्यांपासून सुरुवात करून दोन आठवड्यांत 6 पर्यंत नेले गेले. जिममध्ये वजन वाढवत नेतात तसेच. ती खूपच प्रौढ झाली.

अर्थात एकट्या हृदयपट्टीवर विसंबता येत नाही. टर्फेनाडिनचे रूपांतर यकृत फेक्सोफेनाडिनमध्ये करते, आणि ते आजही दुकानात मिळते. सोबतच्या गोळ्या हेच काम रोखत होत्या. यकृताच्या पेशी जोडल्याशिवाय ही गोष्ट पट्टी सांगणार नाही.

आपण कुठे?

भारताने मार्च 2023 मध्ये औषध चाचणीचे नियम बदलून ऑर्गन-ऑन-चिपसारख्या पद्धतींना दार उघडले. निर्णय चांगलाच. पण दारातून आत जाणार कोण? अशा पीएचडीला सर्किट बनवणारे आणि पेशी जगवणारे हात एकाच माणसाचे लागतात. आपल्याकडे इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलाची जीवशास्त्राशी शेवटची भेट बहुधा दहावीत होते. पेशींना ठरल्या दिवशी नवे पोषक द्रव द्यावेच लागते. दिवाळीची सुट्टी त्यांना कळत नाही. जाळी फाटली की महिन्याची मेहनत पुन्हा पहिल्यापासून. दुसरी विद्या शिकण्यातच दोनेक वर्षे सहज जातात, आणि 2023 पासून 37 हजार रुपये असलेली सुरुवातीची फेलोशिप तेवढीच असते.

पुण्यात एनसीसीएस आहे, आयसर आहे. मुंबईत आयआयटीचा बायोइंजिनीअरिंग विभाग आहे. दोन शाखांचे दोन गाइड आणि फेलोशिपचे एक वाढीव वर्ष, एवढे तरी या विषयाच्या विद्यार्थ्यांना नियमानेच मिळायला हवे. औषधांचे नियम बदलता आले, तर पीएचडीचे का नाही?