घेणारा कोण, देणारा कोण

देव एक काढून घेतो आणि दुसरं भरभरून देतो, असं कुणी म्हटलं की हल्ली मी बसल्या जागी चुळबुळू लागतो. हे वाक्य बहुतेकदा गणेशोत्सवाच्या मांडवात ऐकू येतं. एखादा अंध मुलगा भजन म्हणतो, शाल-श्रीफळ होतं आणि शेजारच्या काकू पदराने डोळे टिपत ते म्हणतात. त्यांच्या मायेबद्दल शंका नाही, म्हणून तिथे वाद घालवत नाही. सदर लिहिण्याची सोय अशा वेळी कामी येते.

भोपाळमध्ये तर हे वाक्य जपूनच उच्चारायला हवं. इथे १९८४च्या २ डिसेंबरच्या रात्री ज्याने लोकांचे डोळे जाळले, त्याला पत्ता होता, फाटक होतं, हजेरीपट होता. युनियन कार्बाइडच्या ६१० क्रमांकाच्या टाकीतून सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट वायू झोपलेल्या वस्त्यांवर पसरला. वाचलेली माणसं सांगतात, की आधी वाटलं, कुणीतरी मिरच्या जाळल्यात. पहाटेपर्यंत हमीदिया रुग्णालयात पोचलेल्यांपैकी कितीतरी जणांना डोळे उघडताच येत नव्हते. बऱ्याच जणांची नजर पुढे सावरली, पण बुबुळांवरचे डाग आणि लवकर आलेले मोतीबिंदू शहराने नंतरही पाहिले. या सगळ्यात देवाला आणायचं म्हणजे कंपनीला सोडून द्यायचं. तेवढं काम कोर्टकचेऱ्यांनी पुरेसं केलं आहे, आपण हातभार लावू नये.

संगीतातल्या अंध माणसांच्या गोष्टी वाचताना माझ्या लक्षात आलं, की तिथेही घेणारा असाच कुणीतरी जमिनीवरचा निघतो. कुरुंदवाडचे विष्णू दिगंबर पलुस्कर घ्या. जन्म १८७२चा, वडील कीर्तनकार. लहानपणी नरसोबावाडीला दत्तजयंतीच्या उत्सवात फटाका तोंडाजवळ फुटला आणि नजर अधू झाली. उपचारांसाठी मिरजेला नेलं. डोळे पूर्वीसारखे झाले नाहीत, शाळा मागे पडली, आणि आता पोराचं करायचं काय, या प्रश्नातून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांच्या घराची वाट निघाली. म्हणजे गाणं आलं ते आकाशातून नाही, दुसरा रस्ता बंद झाला म्हणून. मग बुवांची वर्षानुवर्षांची तालीम मिळाली आणि मिरजेच्या संस्थानिकांनी आधार दिला. देणारेही असे नावानिशी सांगता येतात. या माणसाने ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, स्वतःची स्वरलिपी बांधली, पाठ्यपुस्तकं छापली. अधू नजरेच्या माणसाने आपलं गाणं कागदावर उतरवण्याच्या मागे लागावं, हे मला त्यांच्या सगळ्या मानसन्मानांपेक्षा मोठं वाटतं. त्यांचे शिष्य बी. आर. देवधर, देवधरांचे शिष्य कुमार गंधर्व, आणि क्षयाने एक फुप्फुस निकामी झाल्यावर कुमार ज्या देवासला राहून पुन्हा गायला लागले ते आमच्यापासून तीनेक तासांवर. पलुस्करांना कुणी ‘अंध गायक’ म्हणत नाही, हेही नोंदवून ठेवतो.

पियानोची गोष्ट मात्र लंडनची आहे. डेरेक पॅराविचिनी १९७९ साली पंचविसाव्या आठवड्यात जन्मला. वजन अर्ध्या किलोच्या थोडंसं वर. त्याला जगवण्यासाठी जो ऑक्सिजन द्यावा लागला त्याने दृष्टिपटल खराब झालं आणि नजर गेली. पुढे ऑटिझम आणि बौद्धिक अक्षमताही लक्षात आली. आज पन्नाशीकडे आलेल्या या माणसाला रोजच्या साध्या कामांसाठी दुसऱ्याची मदत लागते. पण दहा बोटांचे दहा सूर एकदम दाबा, तो एकेक सूर वेगळा काढून वाजवून दाखवतो.

लहानपणी सांभाळणाऱ्या बाईंनी त्याच्यापुढे एक छोटा कीबोर्ड ठेवला, तिथून सुरुवात. साडेचार-पाच वर्षांचा असताना आईवडील त्याला लिंडन लॉज या अंधशाळेत घेऊन गेले. तिथे अॅडम ऑकलफर्ड नावाचे संगीतशिक्षक एका मुलीला पियानो शिकवत होते. सूर कानावर पडताच डेरेक सुटला, थेट पियानोवर. मुलीला ढकललं आणि वाजवायला लागला. बोटांनी, तळव्यांच्या कडांनी, कोपरांनी, अधूनमधून नाकानेही. कुणालाही तो गोंगाटच वाटला असता. ऑकलफर्डना त्या गोंगाटात एका प्रसिद्ध नाट्यगीताची चाल ओळखू आली. मला विचाराल तर सगळी गोष्ट इथेच आहे. मुलगा काय वाजवतो यापेक्षा ऐकणाऱ्याला त्यात काय सापडतं, यावर पुढची तीस वर्षं ठरली.

आणि पुढचा भाग कुणी सांगत नाही, कारण तो कष्टाचा आहे. डेरेक पियानोला हात लावू देईना. शिक्षक जवळ आले की ढकलून द्यायचा. मग ऑकलफर्ड त्याला उचलून खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवत, आणि तो धडपडत परत येईपर्यंत जे दहा सेकंद मिळत त्यात एखादी सुरावट वाजवत. डेरेक पोचला की त्यांना बाजूला सारून तीच सुरावट वाजवायचा. म्हणजे उत्तर द्यायचा. ज्या मुलाशी शब्दांत गप्पा होत नव्हत्या त्याच्याशी पहिला संवाद झाला तो असा, धक्काबुक्की करत. मग बोटं कुठली, अंगठा कधी खालून न्यायचा, हे हाताला हात लावून शिकवण्यात कित्येक वर्षं गेली. सातव्या वर्षी टूटिंगच्या क्रीडाकेंद्रात पहिला कार्यक्रम, नवव्या वर्षी, १९८९ साली, बार्बिकनला मोठ्या ऑर्केस्ट्राबरोबर. या दोन तारखा सगळे छापतात. मधली रोजची शिकवणी छापत नाहीत.

डेरेकची नजर ज्या आजाराने गेली त्याला रेटिनोपथी ऑफ प्रीमॅच्युरिटी म्हणतात, आणि तो आता लंडनचा राहिलेला नाही. आपल्याकडे जिल्ह्याजिल्ह्यांत नवजात शिशु विभाग झाले, अपुऱ्या दिवसांची बाळं वाचू लागली, ही आनंदाचीच गोष्ट. पण चौतीस आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाचे डोळे तीस दिवसांच्या आत तपासायचे असतात. फारच लवकर जन्मलेल्याचे त्याहूनही आधी. वेळेत लेझर झालं तर नजर वाचते. उशीर झाला तर ती कायमची जाऊ शकते. ‘तीस दिन रोशनी के’ असं या तपासणीचं नावच नेत्रतज्ज्ञांनी पाडलं आहे. घरात कुणाचं बाळ काचेच्या पेटीत असेल तर बारशाच्या आधी ही तपासणी करून घ्या, एवढं सदर सोडून सांगतो.

अशा बाळाला नजरेबरोबर मेंदूची, हालचालीची अडचणही असू शकते. त्याचे आईवडील शाळा शोधायला निघतात तेव्हा काय होतं, हे मी ऐकून आहे. अंधांची शाळा म्हणते, आम्ही ब्रेल शिकवतो, याला समज कमी आहे, जमणार नाही. मतिमंदांची शाळा म्हणते, आमचं सगळं चित्रांवर चालतं, याला दिसत नाही. दोन्हीकडे माणसं सज्जन असतात, चहा देतात. कायदा पुढे गेला आहे. १९९५च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६च्या कायद्यात एकवीस आहेत, आणि एकाहून अधिक अपंगत्वांचीही त्यात नोंद आहे. पण प्रमाणपत्राने शिक्षक मिळत नाही. भोपाळात रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ला या दोघी गॅसपीडित कामगार स्त्रियांनी २००४ साली मिळालेल्या गोल्डमन पुरस्काराच्या पैशांतून चिंगारी ट्रस्ट उभा केला, तो गॅस आणि दूषित पाणी भोगलेल्या कुटुंबांतल्या अशाच मुलांसाठी. अपंग मुलांसाठी काम करणाऱ्या ज्या संस्थेशी गुलजार वर्षानुवर्षं जोडलेले आहेत ती आरुषीही इथलीच. पुन्हा तेच, देणाऱ्यांना नावं आहेत.

आता आपल्या घरातल्या वाद्याकडे येतो. पियानो आमच्या शहरात घरोघरी नाही, पण पेटी आहे, आणि पट्ट्यांची रचना दोन्हीकडे एकच. काळ्या पट्ट्या दोन, मग तीन, पुन्हा दोन, पुन्हा तीन. डोळे मिटून हात फिरवला तरी आपण कुठे आहोत ते बोटांना कळतं. दोन काळ्यांच्या लगेच डावीकडची पांढरी एक, हे पाच वर्षांच्या मुलालाही एका दुपारी समजतं. गवई ‘काळी चार’ आणि ‘पांढरी पाच’ म्हणून पट्टी सांगतात ते याच नकाशावरून. व्हायोलिनवर सूर शोधावा लागतो. पेटी-पियानोवर तो जागेवर असतो, बोट पडलं की सुरातच वाजतो. ज्याच्या हाताला नीट वळण नाही अशा मुलासाठी ही केवढी मोठी सवलत आहे. पेटीला मींड नाही म्हणून शुद्धतावादी नाक मुरडतात. मुरडोत बापडे.

शिकायची लिपीही तयार आहे. लुई ब्रेल स्वतः ऑर्गन वाजवायचा, पॅरिसच्या चर्चमध्ये त्याची नोकरी होती. तीन वर्षांचा असताना वडिलांच्या खोगिराच्या कारखान्यात आर लागून त्याचा डोळा गेला आणि मग दुसराही. १८२९ साली छापलेल्या त्याच्या पुस्तकात अक्षरांबरोबर संगीताची लिपीही होती. सहाच ठिपके, पण वरचे चार कोणता सूर ते सांगतात आणि खालचे दोन तो किती वेळ धरायचा ते. एका हाताने वाचायचं, दुसऱ्याने वाजवायचं, मग हात बदलायचे, आणि शेवटी सगळं पाठ. जपानचा नोबुयुकी त्सुजी जन्मापासून अंध. २००९ साली व्हॅन क्लायबर्न स्पर्धेचं सुवर्णपदक त्याने एका चिनी स्पर्धकाबरोबर वाटून घेतलं. तो बहुतेक रचना कानाने शिकतो. डाव्या आणि उजव्या हाताचं वेगवेगळं ध्वनिमुद्रण करून घेतो, आणि ऑर्केस्ट्राबरोबर असताना कंडक्टरच्या श्वासावरून सुरुवात पकडतो.

आपल्याकडची अडचण वेगळीच आहे. अंध म्हटलं की गाणं, हे आपण सूरदासांच्या काळापासून ठरवून टाकलंय. अलीगढचे रवींद्र जैन जन्मांध होते. वडिलांनी लहानपणीच शिक्षक लावले, आणि त्यातून ‘चितचोर’ आणि दूरदर्शनच्या ‘रामायण’चं संगीत उभं राहिलं. पण त्यांच्याकडे बोट दाखवून आपण प्रत्येक अंध मुलाला भजनाला बसवतो. त्याला गणित आवडत असेल, रेडिओ दुरुस्त करायचा असेल, हे विचारायचं राहून जातं. आणि ज्याला खरंच संगीत हवं असतं त्यालाही दोन भजनं आणि एक देशभक्तिपर गीत यापलीकडे नेत नाही. तो चुकला तरी टाळ्या वाजतात. चुकलेल्या सुरालाही टाळ्या मिळाल्या, तर त्या मुलाने सूर कशासाठी शोधायचा? पलुस्करांनी बाळकृष्णबुवांकडे बोलणी खाल्ली असतील, यावर मी पैज लावायला तयार आहे.

दुसऱ्या टोकाला अशी मुलं आहेत जी कधीच मैफल करणार नाहीत. ऑकलफर्ड डेरेकवर थांबले नाहीत. २००२ पासून सहकाऱ्यांबरोबर त्यांनी गंभीर अपंगत्वाच्या मुलांचा संगीताशी संबंध कसा वाढतो त्याची एक मोजपट्टी तयार केली, साउंड्स ऑफ इंटेंट या नावाची. तीत तीन बाजू आहेत. ऐकून प्रतिसाद देणं, स्वतः आवाज करणं आणि दुसऱ्याबरोबर करणं. प्रत्येकीच्या सहा पायऱ्या. वरच्या पायरीवर रंगमंच आहे, पण खालच्या पायऱ्यांवर पुष्कळ काही घडतं. पट्टीवर हात चुकून पडला आणि पट्टीवर हात मुद्दाम ठेवला यातला फरक तिथे नोंदवला जातो. मुलाने तोच सूर पुन्हा वाजवला आणि थांबून तुमची वाट पाहिली, तर ते बोलणं झालं. त्याला तुम्ही सुरातच उत्तर द्यायचं असतं. ‘वा वा, शाब्बास’ म्हटलं की संवाद तिथेच तुटतो.

यासाठी पियानो लागत नाही, मोठं अनुदान लागत नाही. भोपाळच्या मराठी घरांत दिवाणाखाली, माळ्यावर, कपाटावर किती पेट्या पडून आहेत ते मोजायला गेलं तर एखादी शाळा भरेल. भाता दुरुस्त करणारे कारागीर अजून आहेत. संगीत विशारद होऊन बँकेतून निवृत्त झालेली मंडळी तर प्रत्येक कॉलनीत आहेत, आणि त्यांना संध्याकाळी करायला फारसं काही नसतं. आठवड्यातून दोन संध्याकाळी एखाद्या केंद्रात जाऊन एका मुलाशेजारी बसावं, एवढंच मागणं आहे. पेटी मात्र जुनी न्यावी. पहिल्या महिन्यात एखाद-दुसरी पट्टी मोडणार, डेरेक तर कोपराने वाजवायचा.