चार पर्याय आणि 'औदुंबर'

२०२० सालच्या उन्हाळ्यात महाराष्ट्रातले प्राध्यापक काय करीत होते, याचा इतिहास पुढेमागे कुणी लिहिलाच, तर त्याला साधनांची वानवा भासणार नाही. ई-प्रमाणपत्रांचे ढीग आहेतच. मार्चअखेरीस टाळेबंदी लागली आणि पाहता पाहता वेबिनारांचा सुकाळ झाला. सकाळी नॅक, दुपारी संतसाहित्य, सायंकाळी ताणतणावांचे व्यवस्थापन, अशी त्रिस्थळी यात्रा घरबसल्या घडू लागली. शेवटी एक फॉर्म भरला की प्रमाणपत्र हजर. आम्हीही तीसेक जमविली. त्यांतल्या एकाही व्याख्यानाचे सूत्र आज आम्हांस सांगता येणार नाही.

शिकलो ते निराळ्याच ठिकाणी, आणि तेही नाइलाजाने. अंतिम वर्षाच्या परीक्षा घ्याव्यात की नाही, हा राज्य शासन आणि विद्यापीठ अनुदान आयोग यांच्यातला वाद २८ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने मिटला. परीक्षा होणार, आणि आमच्याकडे त्या बहुपर्यायी होणार, हे ठरले. चार महाविद्यालयांतले आम्ही मराठीचे सहा जण रात्री नऊनंतर गूगल मीटवर जमू लागलो. (नऊनंतरच, कारण आमच्यातल्या दोघी मॅडमना त्याआधी स्वयंपाकघरातून सुटका नसे. 'घरून काम' या शब्दप्रयोगाचा खरा अर्थ त्यांनाच ठाऊक.)

बालकवींच्या 'औदुंबर'वर प्रश्न काढायचा होता. कवितेचा मुख्य भाव कोणता? एका सरांनी 'विरक्ती' हे उत्तर धरले. दुसरे म्हणाले, उदासीनता. विरक्ती आपण बाहेरून आणतो. एका मॅडमनी विचारले, हे निव्वळ निसर्गचित्र का असू नये? आठ ओळींच्या कवितेवर आम्ही दोन रात्री भांडलो. वीस-वीस वर्षे हीच कविता शिकवणारी माणसे आम्ही. पण शेजारच्या महाविद्यालयात ती कशी शिकवली जाते, हे आम्हांला त्या रात्री प्रथमच कळले. प्राध्यापकाच्या वर्गाचे दार एकदा लागले की दुसरा प्राध्यापक आत येत नाही, हा आमच्या व्यवसायाचा अलिखित दंडक आहे. तो कोणत्याही उजळणी वर्गाने मोडला नव्हता. एका भिकार प्रश्नप्रकाराने मोडला.

म्हणून ऑनलाइन सहकार्याचे गोडवे गाणाऱ्यांशी आमचे अर्धेच जमते. पडद्यामुळे अंतर मिटले हे खरे. परंतु समोर एक कविता आणि कालमर्यादा नसती, तर आम्ही तिथेही एकमेकांना 'नमस्कार, आवाज येतोय का?' एवढेच म्हणत राहिलो असतो.

२० ऑक्टोबर २०२१ पासून महाविद्यालये पुन्हा भरू लागली आणि आमच्या बैठका थांबल्या. त्या कोणत्याही अहवालात नाहीत, कारण त्यांचे प्रमाणपत्र कुणी दिले नाही. आता प्रश्नपत्रिका पुन्हा आपापल्या घरी, एकट्याने काढल्या जातात.

राहता राहिला 'औदुंबर'वरचा प्रश्न. एकमत न झाल्याने तो आम्ही गाळला, आणि त्याजागी बालकवींचे पूर्ण नाव विचारले.