डायलिसिसच्या आधीची लढाई: सेप्सिस, किडनी आणि आपली जबाबदारी

पावसाळा लागला की मिठी नदीकाठच्या कुर्ल्यापासून भिवंडीपर्यंत, सखल वस्त्यांमध्ये तापाचे पेशंट वाढतात. मलेरिया, डेंग्यू, लेप्टो ही नावं आता घराघरात माहीत आहेत. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यानंतर मुंबईत लेप्टोची साथ पसरली, हे कुणी विसरलेलं नाही. पण असे आजार जिवावर बेततात तेव्हा शरीरात नेमकं काय बिघडतं, यावर आपल्याकडे फार कमी बोललं जातं. अनेक गंभीर रुग्णांत ते असतं सेप्सिस, आणि सेप्सिसमध्ये मार खाणाऱ्या अवयवांत किडनी पुढे असते.

आपण ज्याला "रक्तात इन्फेक्शन पसरलं" म्हणतो, ते साधारण हेच. जंतूंशी लढता लढता शरीराचा तोल जातो आणि ते स्वतःच्याच अवयवांना इजा करू लागतं. २०२० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या जागतिक अभ्यासानुसार २०१७ या एका वर्षात सेप्सिसचे सुमारे ४ कोटी ८९ लाख रुग्ण झाले आणि १ कोटी १० लाख मृत्यू. म्हणजे जगातला जवळपास दर पाचवा मृत्यू. त्याआधी २००५ मध्ये २३ देशांतल्या आयसीयूंचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. किडनी अचानक निकामी झालेल्या गंभीर रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांत सेप्टिक शॉकचा हात असल्याचं त्यात दिसलं.

आता मुद्दा चाचणीचा. किडनी तपासायची म्हणजे क्रिएटिनिन, हे सगळ्यांना ठाऊक आहे. टेस्ट स्वस्त आहे, कामाची आहे, पण उशिरा बोलते. किडनीला इजा झाल्यावर रक्तातलं क्रिएटिनिन स्पष्टपणे वाढायला एक-दोन दिवस लागू शकतात. शिवाय ते स्नायूंपासून तयार होतं. सेप्सिसमध्ये ते कमी तयार होतं, आणि सलाईनमुळे रक्तात पातळही होतं. त्यामुळे आकडा खरी परिस्थिती झाकतो.

एक हिशेब बघा. अंगाने बारीक असलेल्या एखाद्या बाईचं क्रिएटिनिन एरवी ०.६ असतं. तापात दाखल झाल्यावर दोन दिवसांत ते १.१ झालं. बहुतेक लॅबच्या रिपोर्टवर हा आकडा 'नॉर्मल'मध्येच बसतो किंवा जेमतेम बाहेर जातो. घरचे सुटकेचा श्वास सोडतात. पण 'केडिगो' या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या २०१२ च्या निकषांनुसार ४८ तासांत ०.३ ची वाढ म्हणजेच किडनीला तीव्र इजा. या बाईत ती ०.५ आहे. म्हणजे एकच रिपोर्ट पाहून भागत नाही. आधीचा आकडा आणि नंतरचा आकडा, दोन्ही शेजारी ठेवावे लागतात.

हा उशीर टाळण्यासाठी नवे मार्कर आले. 'एनगॅल' हे प्रथिन इजा झाल्यावर काही तासांतच लघवीत आणि रक्तात वाढतं. पण सेप्सिसमध्ये पांढऱ्या पेशीही ते सोडतात, म्हणून वाढलेला आकडा नेहमी किडनीचाच असेल असं नाही. 'सिस्टॅटिन सी' स्नायूंवर फारसं अवलंबून नसतं, मात्र थायरॉइड आणि स्टेरॉइडमुळे ते बदलू शकतं. 'टिंप-२' आणि 'आयजीएफबीपी-७' या दोन प्रथिनांवर आधारलेल्या लघवीच्या टेस्टला अमेरिकेत २०१४ मध्ये परवानगी मिळाली. ती किडनीच्या पेशींवर आलेला ताण दाखवते. बिलात हल्ली दिसणारं 'प्रोकॅल्सिटोनिन' मात्र इन्फेक्शनसाठी असतं, किडनीसाठी नव्हे.

मग या महागड्या टेस्ट आपल्याकडे नाहीत म्हणून आपण हरलो का? आम्हाला तसं वाटत नाही. जर्मनीत २०१७ मध्ये हृदयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांवर एक प्रयोग झाला. नव्या टेस्टमध्ये धोका दिसलेल्यांची खास काळजी घेतली, तेव्हा किडनीला इजा होण्याचं प्रमाण सुमारे ७२ टक्क्यांवरून ५५ टक्क्यांवर आलं. हे सेप्सिसचे रुग्ण नव्हते, हे खरं. पण ती काळजी काय होती ते पाहण्यासारखं आहे: किडनीला घातक औषधं टाळणं, रक्तदाब आणि शरीरातलं पाणी सांभाळणं, साखर वाढू न देणं, क्रिएटिनिन आणि लघवीवर नजर ठेवणं. टेस्टने नुसता इशारा दिला, किडनी वाचवली ती काळजीने.

आंतरराष्ट्रीय नेफ्रॉलॉजी संघटनेने २०१३ मध्ये ठरवलं होतं की २०२५ पर्यंत टाळता येण्याजोगा एकही मृत्यू अशा किडनी-इजेने होऊ नये. मुदत संपली, उद्दिष्ट तसंच राहिलं. आपल्या देशात राष्ट्रीय आरोग्य अभियानात २०१५ पासून मोफत निदान सेवा आहे, २०१६ पासून राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम आहे. कागदावर दोन्ही आहेत. प्रश्न एवढाच, की रात्री दहा वाजता तालुक्याच्या दवाखान्यात आलेल्या पेशंटचा क्रिएटिनिनचा रिपोर्ट त्याच रात्री मिळतो का? लोकप्रतिनिधी मोहल्ल्यात येतील तेव्हा हा प्रश्न त्यांना विचारायला हवा.

थोडं आपल्या समाजाकडेही पाहू. जकात-सदक्यातून डायलिसिस सेंटर उभी राहतात, ही मोठी नेकी आहे, आणि ती चालूच राहावी. पण डायलिसिस म्हणजे वाटेचं शेवटचं टोक. त्याच पैशातला थोडा हिस्सा मोहल्ल्यातल्या दवाखान्यात रोज चालणाऱ्या लॅबसाठी आणि शुगर-बीपीच्या रुग्णांची वर्षातून एकदा क्रिएटिनिन तपासणी करून आकडा कार्डावर लिहून देण्यासाठी ठेवला, तर कित्येकांना त्या खुर्चीपर्यंत जावंच लागणार नाही. तो लिहून ठेवलेला आकडाच उद्या आयसीयूत तुलनेला कामी येतो.

घरच्यांनी लक्षात ठेवावं असं:

ताप आणि अंगदुखीवर मेडिकलमधून डायक्लोफिनॅक, आयब्रुफेन मनाने घेऊ नये. अंगात पाणी कमी असताना ती किडनीला थेट त्रास देतात.

तापात धाप लागली, बोलणं असंबद्ध झालं, हातपाय गार पडले किंवा लघवी कमी झाली, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

भरती केल्यावर डॉक्टरांना अदबीने तीन गोष्टी विचाराव्यात. क्रिएटिनिन आधी किती होतं आणि आज किती? उद्या पुन्हा तपासणार का? लघवी मोजून लिहिली जाते का? ६० किलो वजनाच्या माणसाला ताशी ३० मिलिलिटरपेक्षा कमी लघवी सलग सहा तास झाली, तर तोही किडनीच्या इजेचा निकष आहे. त्याला लागतं फक्त मोजायचं भांडं आणि लिहिणारा माणूस.

अम्मी-अब्बांचे जुने रिपोर्ट रद्दीत टाकू नका. एका फाईलमध्ये लावून ठेवा आणि दवाखान्यात जाताना ती फाईल सोबत न्या.