मॅटाडोर दुरुस्त करू या, पण आधी आरसी बुक काढा!

गेल्या महिन्यात आमच्या भिशीत साड्यांचा विषय मागे पडला आणि गाडीचा निघाला. कुंभारीच्या एका मैत्रिणीच्या दारात लिंबाखाली १९८६ सालची मॅटाडोर उभी आहे. टायर बसलेत, पत्रा गंजलाय, आत कोंबड्या अंडी घालतात. भंगारवाला दोनदा येऊन भाव सांगून गेला. दीर म्हणतात, "वहिनी, देऊन टाका, जागा तरी मोकळी होईल." हिचा मात्र जीव होत नाही. नवऱ्याने हौसेने घेतलेली गाडी, आणि ते जाऊन आता दोन वर्षे झाली.

तेवढ्यात एक जण म्हणाली, "आपण सहाजणी पैसे घालू की! इंजिन करून घेऊ, आत दोन पलंग, छोटा ओटा, एक संडास बसवू. मग अक्कलकोट काय, गाणगापूर काय, कोकणसुद्धा करू. शेंगाचटणी, कडक भाकरी बरोबर घेतली की झालं!" सगळ्या हसल्या. मी मात्र घरी येऊन विचार करत बसले. कारण हे बोलणं वाटतं तेवढं हसण्यावारी नेण्यासारखं नाही.

मैत्रिणींनो, मॅटाडोर ही आपल्याच मातीतली गाडी. पुण्याजवळ आकुर्डीला बजाज टेम्पोच्या कारखान्यात ती तयार व्हायची. १९६९ साली ती बाजारात आली आणि पुढे कितीतरी वर्षे भाजी, वऱ्हाड, शाळेची पोरं सगळं तिनेच वाहिलं. तिकडे जर्मनीत फोक्सवॅगनची अशीच डबा गाडी १९५० पासून निघाली. तिच्यात झोपायची, स्वयंपाकाची सोय करून कुटुंबंच्या कुटुंबं फिरू लागली. ब्राझीलमध्ये तर ती २०१३ पर्यंत बनत होती. आज तिकडे मित्रमंडळी जुनी गाडी विकत घेतात, सुट्टीत सगळे मिळून ती दुरुस्त करतात. मग आपण का नाही? करू या की! पण आपल्याकडे कायदा काय म्हणतो, ते आधी समजून घेऊ.

इथे पहिली गंमत अशी की "जपणं" आणि "सुधारणं" हे दोन वेगळे रस्ते आहेत. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज गाड्यांचे नियम काढले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे झालेली आणि मूळ रूपात ठेवलेली गाडी व्हिंटेज. नव्या नोंदणीची फी २० हजार रुपये, मुदत १० वर्षे, नंबरप्लेटवर "व्हीए" ही अक्षरं. पण चासी, बॉडी, इंजिन यांत मोठा बदल केला की तो मान गेला. शिवाय अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणायची. म्हणजे तिने पंढरपूरची वारी काही घडायची नाही! आणि आमच्या मैत्रिणीच्या मॅटाडोरला ५० वर्षे २०३६ मध्ये होणार. तेव्हा हा रस्ता आज बंदच.

दुसरा रस्ता साध्या गाडीचा. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. पुढे दर ५ वर्षांनी तपासणी करून ती वाढवून घ्यायची. चारचाकीची ही फी २०२२ मध्ये ५ हजार झाली आणि ऑगस्ट २०२५ पासून २० वर्षांवरच्या गाडीला १० हजार. वर पर्यावरण कर आणि उशिराचा दंड वेगळा. सरकारचा रोख स्पष्ट आहे, जुन्या गाड्या कमी व्हाव्यात. जुनं इंजिन धूर जास्त ओकतं, हेही खरंच. पण "१५ वर्षे झाली की गाडी भंगारातच जाते" असं जे कुणीही सांगतं, ते आपल्याकडच्या खासगी गाडीला लागू नाही. दिल्लीत डिझेलला १० आणि पेट्रोलला १५ वर्षांची अट आली, ती त्या भागापुरती. आपल्याकडे तपासणीत पास झालेली खासगी गाडी चालवता येते. भंगारवाल्याने ही भीती घातली तर घाई करू नका.

आता आतले पलंग आणि ओटा. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने बनवलेल्या गाडीत परवानगीशिवाय मोठा फेरफार करायचा नाही. तसं केलं तर मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. मालक म्हणजे कोण? ज्याचं नाव आरसी बुकात आहे तो. गॅरेजवाला नव्हे! म्हणून गॅरेजवाला "काय होत नाही ताई" म्हणाला तरी आधी आरटीओत विचारा. कॅराव्हॅनसाठी केंद्राचं वेगळं मानक आहे, एआयएस-१२४. केलेला बदल आरसीत नोंदवलेला नसेल, तर अपघातानंतर विमा कंपनीशी भांडण ठरलेलं.

आणि हे नियम नुसते छळायला केलेले नाहीत हो. डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकरा इथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅराव्हॅनमध्ये दोन माणसं मेलेली सापडली. जनरेटरमधला कार्बन मोनॉक्साइड आत शिरला होता. या वायूला ना रंग, ना वास. बंद गाडीत शेगडी पेटवून किंवा इंजिन चालू ठेवून झोपणं म्हणजे मरणाला बोलावणं. सिलिंडर, हवा येण्या-जाण्याची वाट, पक्की बसवलेली सीट, पट्टा हे सगळं आधी. पडदे आणि रंग नंतर.

पण या सगळ्यात मला जास्त काळजी वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. मी मैत्रिणीला विचारलं, "आरसी कुणाच्या नावावर आहे?" ती गप्प. मग म्हणाली, "त्यांच्याच की." म्हणजे आज ही गाडी कागदावर तिची नाहीच! मालक वारल्यावर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि ३ महिन्यांत वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१ भरायचा, असा नियम आहे. दु:खात कुणाला सुचतं ते? आणि सुचलं तरी "गाड्यांचं पुरुष बघतील" म्हणून आपण मागे सरतो. उशीर झाला असला तरी दंड भरून, वारसाची कागदपत्रं लावून हे काम करून घ्यायला हवं. २०२१ पासून आरसीवर वारसदार म्हणून नाव लावण्याची सोय झाली आहे. घरात स्कूटर असेल तरी आजच बघा, कुणाचं नाव लावलंय.

गाडी नावावर न करता विकली तर? सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये सांगितलं आहे की, अपघाताच्या भरपाईसाठी कागदावरचा मालकच जबाबदार. म्हणजे गाडी गेली, पैसे खर्चून झाले आणि कोर्टाची नोटीस मात्र आपल्या दारात! भंगारात द्यायची झाली तरी नोंदणीकृत केंद्रातच द्या, जमा केल्याचं सर्टिफिकेट घ्या आणि नोंदणी रद्द झाल्याची खात्री करा.

सहाजणींच्या पैशांचंही तसंच. कुणी किती घातले, गाडी कुणाच्या नावावर, उद्या एखादीला बाहेर पडायचं झालं तर काय, हे साध्या कागदावर लिहून सह्या करा. मैत्री टिकवायची असेल तर हिशेब तोंडी नको. आणि पांढऱ्या पाटीच्या गाडीत भाडं घेऊन माणसं बसवू नका, ते बेकायदा आहे.

मग स्वप्न सोडून द्यायचं का? मुळीच नाही. प्रवासात संडास कुठे मिळेल या धास्तीने सकाळपासून पाणी न पिणाऱ्या आपण बायका. आत संडास असलेली गाडी ही आपल्याला चैन नाही, गरज आहे. महाराष्ट्र सरकारनेही २०२१ मध्ये कॅराव्हॅन धोरण आणलं. त्यात गाड्या उभ्या करायला पाणी, वीज, स्वच्छतागृह असलेल्या जागांचा विचार आहे. गाडी परवडली नाही तर सहाजणींनी मिळून परवाना असलेली भाड्याने घ्यावी. तोही मार्ग आहेच.

आपल्याला हे जमेल का, असं म्हणू नका. याच कुंभारीत विडी कामगार बायकांनी वर्षानुवर्षे लढून हक्काची घरं मिळवली. २००६ मध्ये गोदूताई परुळेकर वसाहतीतली १० हजार, आणि जानेवारी २०२४ मध्ये रे नगरमधली पहिली १५ हजार. आणि १३ मार्च २०२३ ला सोलापूरहून मुंबईला वंदे भारत घेऊन गेल्या, त्या साताऱ्याच्या सुरेखा यादव. मग एका मॅटाडोरचं काय मोठं?

परवा मैत्रिणीचा फोन आला. "मृत्यूचा दाखला आणि आरसी घेऊन सोमवारी आरटीओत जाते. येतेस?" म्हटलं, येते की. कोंबड्यांना मात्र दुसरी जागा शोधावी लागणार!